अर्थिंगला घातलेलं पाणी

प्रिय उस्ताद,

पत्र बघून दचकू नकोस. तुझी बहीण घरी आहे, दोन वेळा जेवते, काल तिने मला दोनदा झापलंसुद्धा. हे आधीच लिहून टाकतो, कारण तुझ्या जागी मी असतो तर पाकीट फोडायच्या आधीच हातपाय गळाले असते. तू तसा नाहीस. तू चष्मा शोधशील, सुनेला हाक मारशील आणि म्हणशील, "झटकेबुवांचं पत्र आलंय गं, पुन्हा कुठेतरी ठिणगी दिसली वाटतं त्यांना." ठिणगी नाही दिसली. पण हे पत्र सुनेला वाचायला देऊ नकोस. चौथी पास माणसाचं अक्षर आहे, लागायला वेळ लागेल, तरी तूच वाच. शेवटी एक काम लिहिलंय. पाकिटात एक कार्डही घातलंय, त्यावर माझा पत्ता टाकून तिकीट लावून ठेवलंय. ते बाजूला ठेव आणि आधी हे सगळं वाच.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मला हसवतोस. मी काळजीचं काही बोलायला घ्यावं, तू एक काहीतरी सोडावंस, मी हसावं आणि विषय तिथेच राहावा, हे चाळीस वर्षं चाललंय. कागदाला हसवता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आता दुपार आहे. नऊ दिवस झाले, पाऊस उघडीप म्हणून देत नाही. मागच्या भिंतीला छपरापासून खालपर्यंत ओल आलीये, बोट लावलं तर बोट ओलं होतं. कपडे वाळत नाहीत, मीठ ओघळतं, काड्यापेटी डब्यात ठेवावी लागते. मी मेन स्विच पाडून खिडकीशी बसलोय आणि जेवढा उजेड येतो तेवढ्यात लिहितोय. तुझी बहीण आतून ओरडतेय की पंखा तरी चालू द्या. नाही देत. आता मला कुणी हसलं तरी मी नाही देत.

तुला बर्फाचा कारखाना आठवतो का? मला रोज आठवतो. तू तिथला वायरमन, मी लाद्या उचलणारा. आकड्याने लादी ओढायची, पाठीवर गोणपाट टाकायचं आणि ट्रकपर्यंत न्यायची. बारा महिने पायाखाली पाणी. बाहेर कडक ऊन असलं तरी आत पावसाळाच. मिठाच्या पाण्याच्या टाकीजवळची ती मोटर, तिच्यावर हात टेकून उभं राहायची सवय होती लाद्यावाल्या थोरल्या काकांना. त्या सकाळी ते हात टेकून उभे राहिले ते हललेच नाहीत. मला वाटलं विचार करतायत. मी त्यांना हाक मारली, "काका, ट्रक भरायचाय." मी त्यांच्या खांद्याला हात लावणार तेवढ्यात तू लांबून आडवा येऊन मला ढकललंस. मी चिखलात पडलो आणि तू मेन पाडलास. तेव्हा ते खाली आले.

संध्याकाळी गेटबाहेर बाकड्यावर बसलो होतो. तू चहाचा पेला माझ्या दोन्ही हातांत धरवलास आणि म्हणालास, "त्या मोटरला अर्थिंग नव्हतं रे. मालकाला दोनदा सांगितलं होतं. अर्थिंग असतं तर करंट जमिनीत गेला असता, माणसात नाही." मी विचारलं, अर्थिंग म्हणजे काय? तू मला जमिनीवर काडीने काढून दाखवलंस. हे घर, ही वायर, हा खड्डा, खड्ड्यात तांब्याची प्लेट, भोवती मीठ आणि कोळसा. विजेला पळून जायला एक दार ठेवायचं, म्हणालास. मला शाळेतलं काही आठवत नाही, पण काडीने काढलेलं ते चित्र आजही जसंच्या तसं काढून दाखवीन.

त्यानंतर मी झटकेबुवा झालो. ते नावही तूच ठेवलंस. मी ओल्या हाताने बटण दाबणाऱ्याला ओरडायचो, लोंबती वायर दिसली की रस्ता बदलायचो. तू सगळ्यांसमोर म्हणायचास, "आमच्या बुवांना न शिवता झटका बसतो!" कारखाना हसायचा, मीही हसायचो. मला राग नाही आला कधी. माझी भीती तुला ठाऊक होती, ती तुझ्यासमोरच बसली होती. ज्याने ढकलून जीव वाचवला त्याने चेष्टा केली तर काय बिघडलं? पुढे तू तुझी धाकटी बहीण मला दिलीस. लोक म्हणाले, वायरमनने लाद्या उचलणाऱ्याला बहीण दिली. तू म्हणालास, "माणूस घाबरट आहे, म्हणजे घर सांभाळेल." ते मी आयुष्यभर मिरवलं.

मग गल्लीत घर बांधलं. वायरिंग दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा प्रश्नच नव्हता. तू म्हणालास, "तुझ्या घराला असं अर्थिंग करतो की आभाळ कोसळलं तरी झोपून राहशील." प्लेट आणलीस त्या दिवशी मी ती हातात घेतली होती. वितभर बाय वितभर, जाड, लालसर, एका कोपऱ्याला चेचलेली. मी विचारलं, हा कोपरा असा का? तू म्हणालास, दुकानदाराच्या पायावर पडली, पाय वाचला, कोपरा गेला. मागच्या अंगणात लिंबाच्या रोपाशेजारी तू खणायला लागलास. दुपारी मला म्हणालास, "आत जा, चहा टाकायला सांग, माझा घसा सुकलाय." मी आत गेलो. तुझी बहीण दूध आणायला शेजारी गेली होती म्हणून चहाला वेळ लागला. बाहेर आलो तर खड्डा बुजलेला, वर पाइप उभा, भोवती सिमेंटचा चौकोन, त्यावर झाकण. सिमेंट ओलं होतं तोवर त्यात तू तुझा अंगठा उमटवलास. "ही माझी सही," म्हणालास.

आणि मग मला एक काम दिलंस. अर्थिंगची माती सुकू द्यायची नाही, दर रविवारी पाइपात बादलीभर पाणी ओतायचं. उस्ताद, तेवीस वर्षं मी तो रविवार चुकवला नाही. ताप असताना ओतलं. गुडघा मोडला तेव्हा खुर्ची नेऊन बसून ओतलं. उन्हाळ्यात तर ओतलंच, पण पावसाळ्यातही ओतलं, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बादली. समोरच्या घरातला शिंपी गॅलरीत उभा राहून ओरडायचा, "बुवा, वरून कमी पडतंय का?" तुझी बहीण लाजेने आत जायची. मी म्हणायचो, हसू देत, आपलं घर पक्कं आहे.

एवढं करून मी गप्प बसलो नाही. गल्लीभर फिरून तुझं नाव सांगितलं. शिंप्याला मीच म्हणालो की अर्थिंग करून घे, मेहुण्याला पाठवतो. बेकरीवाल्याला मीच सांगितलं, दोन नर्स बहिणी राहतात त्यांना मीच पटवलं. प्रत्येकाला माझं अंगण दाखवायला आणलं, झाकण उचलून पाइप दाखवला, तुझा अंगठा दाखवला. तुझं आणि माझं धरून अकरा घरांत तुझ्या हातचे खड्डे आहेत आणि अकराही झाकणांवर तुझा अंगठा आहे. माझ्या सांगण्यावरून ती माणसं अजून रविवारी पाणी ओततात. निदान नर्स बहिणी तरी ओततात, मी पाहिलंय.

आता तुझ्या बहिणीबद्दल लिहितो. हे लिहायला मला जड जातंय, म्हणून मघाशी उठून दोनदा पाणी पिऊन आलो.

कपडे धुवायचं मशीन घेतलं त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात ती म्हणाली, मशीनला हात लागला की मुंग्या येतात. मी म्हणालो, शक्य नाही, अर्थिंग आहे. पुढच्या पावसाळ्यात म्हणाली, नळाला हात लावला तरी येतात. मी टेस्टर आणून लावला, त्यातला दिवा मिणमिणला. मी तुला फोन केला, आठवतंय? तू म्हणालास, "ओलीत टेस्टर असाच मिणमिणतो. तिची नस दबली असेल, डॉक्टरला दाखव." मी दाखवलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्यानंतर ती पुन्हा म्हणाली तेव्हा मी चिडलो. मी काय बोललो ते लिहायला हवं. मी म्हणालो, "तुझ्या सख्ख्या भावाने केलंय ते काम. तो तुझ्या घरात खोटं करेल? त्याला नावं ठेवायच्या आधी आपलं वय बघ." मुंग्यांबद्दल ती नंतर कधीच बोलली नाही.

मी मात्र बघत होतो आणि मला काही समजत नव्हतं. मशीनसमोर तिने लाकडी पाट टाकला. मला वाटलं, पायाला गारवा लागतो म्हणून. मोरीच्या दाराशी रबरी चपला ठेवल्या. मला वाटलं, घसरू नये म्हणून. मशीनचं बटण ती लाटण्याच्या टोकाने दाबायची. त्यावर मी तिची चेष्टा केली, उस्ताद. सगळ्या गल्लीत ज्याची चेष्टा होते त्या माणसाने. म्हणालो, "काय गं, मशीनची पोळी लाटतेस का?" ती हसली. माझ्या भीतीला लोक हसायचे तेव्हा ती कधी हसली नव्हती, आणि तिच्या भीतीवर मी विनोद केला तर ती माझं मन राखायला हसली.

गेल्या महिन्यात, आठवडाभर पाऊस पडून गेल्यावर, एका सकाळी पाट तिने वाळायला उभा करून ठेवला होता. दारावर कुणीतरी हाक मारली म्हणून मशीन आणि नळ बंद करायला ती घाईत मोरीत गेली, चप्पल न घालता, फरशीवर पाणी होतं त्यात. एक हात मशीनवर, एक हात नळावर. आवाज असा काही आलाच नाही. मी जेवणाच्या खोलीत होतो, तिथून मोरीचं दार दिसतं. ती उभी होती. विचार करत असल्यासारखी उभी होती.

मी ते उभं राहणं ओळखलं. तिच्याकडे धावलो नाही, मेनकडे धावलो. तुला आठवत असेल, मेन स्विचच्या दांड्याला मी लाल कापड बांधून ठेवलंय, अंधारात हाताला लागावं म्हणून. त्यावरही तू हसला होतास, स्विचला टोपडं घातलंय म्हणालास. मी होतो तिथून त्या दांड्यापर्यंत चार पावलं. ती मी मनातल्या मनात हजार वेळा चाललो होतो. दांडा पाडला आणि ती पडली. डोकं भिंतीशी उभ्या केलेल्या पाटावर आपटलं, हाताला भाजलं, पण श्वास होता. हॉस्पिटलात पाच दिवस काढले. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर. पुढचं मी ऐकलं नाही. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? "माझंच चुकलं, चप्पल घातली नाही. दादाला कळवू नका, तो उगाच जीवाला लावून घेईल." म्हणून तुला कळवलं नाही. तेव्हा मलाही तेच वाटलं होतं.

घरी आल्यावर मी वायरिंगवाली बाई बोलावली. बाजारात तिचं छोटं दुकान आहे, जळलेल्या पंख्यांत नवी तार भरून देते, वायरिंगची कामं घेते. तिला माझं टोपणनाव माहीत नव्हतं. मी म्हणालो, मशीन बिघडलंय, बदलून टाकतो, पण एकदा सगळं बघून घ्या, अर्थिंग मात्र एकदम पक्कं आहे, मेहुण्याने केलंय. तिने पिशवीतून एक होल्डर काढला, त्यात बल्ब, त्याला दोन वायरी. एक टोक सॉकेटच्या एका भोकात, दुसरं शेजारच्या भोकात, बल्ब पेटला. मग दुसरं टोक वरच्या मोठ्या भोकात लावलं, अर्थिंगच्या. बल्ब पेटला नाही. तिने दुसऱ्या खोलीत लावून पाहिलं. तिसऱ्या खोलीत पाहिलं. मग मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या घराला अर्थिंग नाहीये."

मला हसू आलं. मी तिला अंगणात नेलं, झाकण उचललं, पाइप दाखवला, अंगठा दाखवला. ती खाली बसली, पाइपाला दोन्ही हात लावले आणि उपटला. उस्ताद, तो गाजरासारखा वर आला. हातभर पाइप. खाली काही नाही. प्लेट नाही, प्लेटीपासून वर येणारी पट्टी नाही, कोळशाचा कण नाही. घरातून आलेली हिरवी वायर सिमेंटच्या चौकोनाखाली मुडपून ठेवलेली, टोकाला काही जोडलेलं नाही. मी तिला म्हणालो, खोल असेल, आणखी खणा. तिने कुदळ घातली. थोडं खाली गेल्यावर खडक लागला. सलग, काळा खडक. त्या खडकावर लिंबाच्या मुळ्यांचं जाळं पसरलेलं, जाड, ओलं. गल्लीत एवढा मोठा लिंब कुणाच्या अंगणात नाही, हे सगळे म्हणतात. तो का वाढला ते मला तेव्हा समजलं.

मग मी रात्रंदिवस तोच विचार करत राहिलो, आणि तुझी बाजूसुद्धा घेऊन पाहिली. खडक लागला असेल. उन्हात तुझे हात सोलले असतील. घरात सगळ्यांनी तुझ्याकडे आशेने बघत बसायचं आणि तू बाहेर येऊन म्हणायचं की होत नाही, हे तुझ्या तोंडून निघालं नसेल. पण उस्ताद, तू नुसतं म्हणाला असतास, "इथे खडक आहे, जमत नाही," तर मी दुसऱ्या कोपऱ्यात खणलं असतं. पुढच्या अंगणात खणलं असतं. नखांनी खणलं असतं. आणि तेही जमलं नसतं तर घरभर रबर अंथरलं असतं, मशीन घेतलंच नसतं, आणि ती म्हणाली की मुंग्या येतात तेव्हा मी तिच्यावर विश्वास ठेवला असता. मला मूर्ख बनवलंस ते एक वेळ चालेल. तू मला माझ्या बायकोचं खरं ऐकू दिलं नाहीस. मुंग्या येतात हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तरी तुला माहीत होतं. तिला नस दाखवायला पाठवलंस. तुझ्या पाठची बहीण आहे ती.

मग मला तो चेचलेला कोपरा आठवला. आमच्यानंतर दोन वर्षांनी तू बेकरीवाल्याकडे काम घेतलंस, तेव्हा मी बघायला आलो होतो. भिंतीला प्लेट टेकवून ठेवली होती. तिचा एक कोपरा चेचलेला होता. मी मनात म्हणालो, त्या दुकानदाराच्या पायावर सगळ्याच प्लेटी पडतात वाटतं. बेकरीवाल्यालाही तू चहा आणायला आत पाठवलंस. प्लेट एकच होती, उस्ताद, तीच तू घरोघर दाखवत फिरलास. मी हे सगळं पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडे माणूस बघत नाही.

वायरिंगवाल्या बाईला घेऊन मी तुझ्या जुन्या घरी गेलो. आता तिथे शाळेतल्या बाई राहतात, नवीन आहेत, मला ओळखत नाहीत, म्हणून दार उघडलं. गल्लीच्या खालच्या टोकाला आहे ना तुझं घर, तिथे माती मऊ. वायरिंगवालीने सॉकेटमध्ये वायर घातली. बल्ब असा लखलखीत पेटला की शाळेतल्या बाई म्हणाल्या, "बापरे." झाकण उचललं तर आत रुंद पट्टी, नट आवळलेला, सगळं तू काडीने काढून दाखवलं होतंस तसं. खाली खणून प्लेटीचा कोपरा चेचलेला आहे का ते बघायची गरज मला वाटली नाही. आम्ही बाहेर पडलो. मला गल्लीत चक्कर आली, बाईने शिंप्याच्या पायरीवर बसवलं.

शिंपी बाहेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, खडक, पाइप, वायरीचं टोक. तो ऐकत होता, पण ओठ मिटून हसू दाबत होता. म्हणाला, "बुवा, वहिनींमुळे तुम्ही घाबरलायत. घरी जा, पडून राहा. आमचं उस्तादांनी केलंय, पक्कं आहे." मी बेकरीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, भट्टीच्या दिवसांत वीज बंद करून तपासायला वेळ नाही, आणि उस्तादांच्या कामावर मी बाई लावून तपासणी करू? नर्स बहिणी डबल ड्युटीवर. एका घरात म्हातारीने दाराच्या फटीतून सांगितलं, झटकेबुवांना आत घेऊ नका म्हणून मुलगा बजावून गेलाय, ते घरभर बटणं बंद करत फिरतात. वीज ऑफिसात गेलो तर म्हणाले, मीटरपर्यंत आमचं, आतलं घरमालकाने बघायचं. नऊ घरं फिरलो, भर पावसात. एकाही घरात बाईला वायर घालू दिली नाही. ज्या माणसाला तू आयुष्यभर घाबरट म्हणालास त्याच्या भीतीवर आता कोण विश्वास ठेवणार? आणि ज्याचा अंगठा झाकणावर आहे त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? दोन्ही तुझीच कामं आहेत, आणि दोन्ही पक्की झालीयत.

तिला मी काही सांगितलं नव्हतं. अंगणातला खड्डा पत्र्याने झाकून ठेवला होता. ती रोज म्हणायची, माझीच चप्पल, माझीच घाई, आणि मी गप्प बसायचो. दोन्हीकडून पंचाईत. सांगावं तर तिचा भाऊ जातो, न सांगावं तर ती स्वतःलाच दोष देत बसते. काल रविवार होता. सवयीने मी बादली भरली. मोरीतून बाहेर आलो, अंगणाच्या दाराशी थांबलो, आणि ओतायचं कुठे ते कळेना. बादली हातात घेऊन उभाच राहिलो. ती मागून आली. माझ्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि चांगल्या हाताने पत्रा सरकवला. खड्ड्यात पाणी साचलं होतं, बाजूला तो हातभर पाइप पडला होता. ती वायरमनची बहीण आहे, तिला समजावून सांगावं लागलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला खरंच मुंग्या येत होत्या." एवढंच. रडली नाही. तुझ्यावर एक शब्द बोलली नाही. माझ्यावर बोलली, आणि ते मला मिळायलाच हवं होतं. सहा वर्षांचं बोलली. संध्याकाळी निवळल्यावर तिने विचारलं, बाकीच्या घरांचं काय? मी सांगितलं, कुणी दार उघडत नाही. तेव्हा ती म्हणाली, "दादाला लिहा. प्रिय म्हणूनच लिहा, नाहीतर तो पुढे वाचणार नाही."

म्हणून हे पत्र. तुला शिव्या घालायला लिहिलेलं नाही, त्या घालायच्या असत्या तर फोन पुरला असता. भांडण आपण नंतर करू, आपण दोघं उरलो तर. कार्डावर मी नऊ घरांचे नंबर लिहिलेत, एकाखाली एक. ज्या घरात तू खरंच प्लेट पुरलीस तिथे बरोबरची खूण कर. जिथे नाही पुरलीस तिथे फुली मार. खाली तुझ्या हाताने एक ओळ लिही की हे मी केलंय, बुवा सांगतात ते खरं आहे, बाईला आत घ्या. सही कर, आणि शेजारी अंगठा उमटव. तो सगळ्यांकडे आहे, झाकणाशी ताडून बघतील. मग मी ते कार्ड घेऊन दारोदार फिरेन. लोक तुला काय म्हणायचं ते म्हणतील, त्याला माझा इलाज नाही. एक नंबर तिने तिच्या हाताने लिहिलाय, मिटत नाहीत त्या बोटांनी, म्हणून वाकडा आलाय. तो वरून तिसरा. त्या घरात रांगणारं मूल आहे, आणि त्यांनी परवाच कपडे धुवायचं मशीन आणलंय. निदान त्या एका नंबरासमोर खोटी खूण करू नकोस. पाऊस अजून चालू आहे, टपालाला चार दिवस लागतात, तेव्हा वाचून झाल्या झाल्या उठ आणि पेन घे.

कार्ड येईपर्यंत तरी तुझाच,

झटकेबुवा